दवाखान्याचं वऱ्हाड

सत्यशीलाचा बेत मुळात एका वाक्याचा होता. जिल्ह्याचे आरोग्यसाहेब गावात येणार, दवाखान्याबद्दल लोकांना विचारणार, आणि कौसल्या आत्यानं उभं राहून म्हणायचं, "साहेब, सुई सकाळी सातला द्या." संपलं. एवढ्याशा वाक्याला मांडव लागत नाही, बाजाची पेटी लागत नाही आणि दोन पैलवान तर बिलकुल लागत नाहीत. पण बाभुळटाकळीत कुठलीही गोष्ट तिच्या मूळच्या मापात राहिली असं कधी झालेलं नाही. अंबडहून वडीगोद्रीकडं जाणारी एस.टी. फाट्यावर जरा जास्त वेळ थांबली, तरी गावात बातमी पोचते की कलेक्टर उतरले. तेव्हा पुढं जे घडलं त्यात सत्यशीलाचा दोष फार तर चिमूटभर होता, बाकीचा सगळा गावाचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आत्या म्हणजे सत्यशीलाच्या वडिलांची, संपतगुरुजींची, थोरली बहीण. तिला छातीचा आजार झाला होता आणि त्यावरच्या सुया सरकारी दवाखान्यात फुकट मिळत. फुकट मिळत, पण नऊ वाजता. आता चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, नऊ वाजता बाभुळटाकळीत रिकामं कोण असतं? एक शाळेचा शिपाई आणि दुसरे काकासाहेब सरपंच. बायांची टोळी आठच्या आत शिवारात उतरायची, आणि जी मागं राहिली तिचा त्या दिवशीचा रोज बुडाला. सुई घ्यावी तर रोज जातो, रोज धरावा तर सुई जाते. गुरुजी म्हणत, तू घरी बस, माझा पगार आहे. आत्या म्हणे, तुझा पगार तुझ्या लेकरांचा, मी काय लुळी न्हाई. अशा स्वाभिमानापायी ती एक दिवस सुई घेई आणि एक दिवस कापूस वेची, आणि ही वाटणी फार न्यायाची झाली असं तिला वाटे.

आजाराला मात्र ही वाटणी मान्य नव्हती. अंबडहून आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर म्हणाले होते की असंच चाललं तर हे औषध लागू पडायचं थांबेल, आणि याच्या पुढचं औषध माझ्याकडं नाही. हे त्यांनी आत्याला नाही, सोबत गेलेल्या सत्यशीलाला सांगितलं. नववीतल्या मुलीला असं काही सांगितलं की तिनं रडावं अशी जगाची अपेक्षा असते. सत्यशीला रडलीही, पण घर येईपर्यंतच. ओट्यावर पाय ठेवताना तिनं ठरवून टाकलं होतं की आत्या बदलणार नाही, आजार बदलणार नाही, तेव्हा दवाखान्याची वेळच बदलायची. त्या वर्षी तिला वक्तृत्वात तालुक्याचं दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्यामुळं जगातल्या बहुतेक गोष्टी नीट बोललं की बदलतात, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नव्हती.

नेमका तेव्हाच वरून कागद आला. गुरुजींनी तो ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला: दवाखान्याच्या पुढच्या वर्षाच्या वेळा आणि सोयी ठरवण्याआधी रुग्णांचं आणि त्यांच्यासोबत येणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे, त्यासाठी साहेब जातीनं येत आहेत. सत्यशीला दाराबाहेर उभी होती. 'त्यांच्यासोबत येणाऱ्यांचं' हे शब्द ऐकून ती उभ्या उभ्या दोन बोटं उंच झाली. दर खेपेला आत्यासोबत जाऊन दवाखान्याच्या निंबाखाली उकिडवं कोण बसतं? सरकारनं तिला न बघताच तिची दखल घेतली होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर आत्याची तालीम सुरू झाली. आता ओट्यावर सुरू झालेली गोष्ट आपली एकट्याची राहत नाही. शेजारच्या सोनूबाई सूप घेऊन आल्या आणि निवडता निवडता म्हणाल्या की सुरुवातीलाच सात वाजायची मागणी केली तर साहेब बिचकंल, आधी पदर डोळ्याला लावायचा, मंग बोलायचं. त्यांच्या रेशनची साखर अशीच सुटली होती. गुरुजींचं म्हणणं पडलं की आरंभी 'सन्माननीय' पाहिजे, मग गावाचा थोडा परिचय, आणि शेवटी शासनाचे आभार. सत्यशीलाची वर्गमैत्रीण सलमा ही दवाखान्याचे कंपाउंडर सिराजोद्दीन यांची मुलगी. तिनं विनवलं की मधे कुठंतरी 'कंपाउंडरसाहेब लई चांगले हायेत' एवढं तरी घाला, न्हाईतर अब्बा त्या दिवशी घरी येऊन आमालाच सुया टोचतील. सगळ्यांचं सगळं घातलं. दोन दिवसांत आत्या 'सन्माननीय'पासून 'आभार'पर्यंत घडाघडा म्हणू लागली. फक्त मधलं सुईचं वाक्य तिच्या ध्यानात राहीना.

तरीही इथवर ठीक होतं. खरा घोळ काकासाहेबांनी घातला. काकासाहेब नुसते सरपंच नव्हते, दवाखान्याच्या समितीचे अध्यक्षही होते, आणि सत्कार केल्याशिवाय कुठला साहेब गावाबाहेर गेला असं त्यांच्या हयातीत झालेलं नव्हतं. त्यांनी कागद अर्धाच ऐकला होता. साहेब येणार एवढा. मग त्यांनी मांडव सांगितला, भजनी मंडळाची पेटी सांगितली, दवाखान्याला चुना सांगितला. चुना ओला असताना लोकांचे हात लागू नयेत म्हणून आदल्या दिवसापासून दवाखाना बंद. आणि साहेब यायच्या दिवशी तर बंदच, कारण त्या दिवशी रुग्णांचं ऐकायचं होतं.

मग त्यांनी रुग्ण निवडायला घेतले.

"साहेबासमोर आजारी माणसं बसवून गावाची अब्रू घालवायची का, गुरुजी?" ते म्हणाले. "माणसं कशी पाह्यजेत? बघितल्यावर साहेबाला बरं वाटलं पाह्यजे."

बघितल्यावर बरं वाटावं अशी गावात दोनच माणसं होती, वसंता आणि अजमत. दोघेही पैलवान. अंबडच्या जत्रेत दोघांनी एकमेकांना पाडण्याचा दिवसभर प्रयत्न केला होता आणि शेवटी पंचच दमून खाली बसले होते. त्यांना खळीचे कपडे घालून, गंधाचा टिळा आणि सुरमा ज्याला जे शोभेल ते लावून, पहिल्या रांगेत रुग्ण म्हणून बसवायचं ठरलं. कौसल्या आत्याचं नाव गुरुजींनी सुचवलं, तेव्हा काकासाहेब मोठ्या मायेनं म्हणाले की त्या खोकतात, त्यांना मागंच बसू द्या, निंबाखाली. खोकल्याचं कारण पुढं केलं होतं. त्याच्या मागं आणखी एक कारण होतं, जे गावात कुणी कुणाला सांगत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

सत्यशीलाचं काय? तिच्या वक्तृत्वाची योग्य ती दखल घेऊन तिला ओवाळणीचं ताट धरायला दिलं, आणि वर स्वागतगीत म्हणायला लावलं. तालुक्यात दुसरी आलेली मुलगी, आणि तिच्या हाती नारळ. तिनं त्या रात्री जेवताना भाकरीकडं असं बघितलं की आईनं विचारलं, भाकर करपली का.

साहेबांच्या दिवशी पहाटेपासून खरे रुग्ण यायला लागले. त्यांना कागदाचा पत्ता नव्हता, त्यांना नुसतं दुखत होतं. कुणी लेकरू पाठीशी बांधून आलं होतं, कुणाला बैलगाडीत घालून आणलं होतं, आणि प्रत्येकासोबत रीतीप्रमाणं घरची दोन-तीन माणसं होती. सिराजोद्दीन कंपाउंडर दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते की आज दवाखाना बंद हाय, आज तुमचं ऐकायचं हाय. लोकांनी समजूतदारपणे मान हलवली आणि आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून निंबाखाली जाऊन बसले. आत्याही तिथंच बसली. त्या दिवशी सुईही नव्हती आणि तिनं कापसाचा रोजही सोडला होता. दोन्हीकडून बुडालेलं माणूस जसं दिसेल तशी ती दिसत होती, फक्त लुगडं धुतलेलं होतं.

जीप आली. सत्यशीला ताट घेऊन पुढं झाली आणि तिनं स्वागतगीत सुरू केलं. भजनी मंडळाच्या पेटीची एक पट्टी आत दबली ती वर येईना, त्यामुळं गाणं संपलं तरी पेटीचा एक सूर चालूच राहिला. काकासाहेबांचं स्वागतपर भाषण त्या सुरावरच झालं, आणि ते नेहमीपेक्षा बरं वाटलं असं पुष्कळांचं मत पडलं. सत्यशीलाचं लक्ष पेटीकडं गेलं आणि ताट कलंडलं. नारळ घरंगळत जीपखाली गेला. तो काढायला पहिल्या रांगेतले दोन्ही रुग्ण उठले, आणि त्यांनी जीपचं एक अंग हातानं उचलून नारळ बाहेर काढला. साहेब ते बघत राहिले.

साहेब माणूस सभ्य होता. पिकलेले केस, खांदे जरासे पडलेले, आणि गळ्यात एवढा हार की हनुवटी वर करून बोलावं लागे. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात येताना काय अडचण येते? मनमोकळं सांगा."

मांडवातून एकमुखानं आलं की अडचण काहीच नाही, समदं बराबर हाय, आपली कृपा हाय.

साहेबांनी वसंताला विचारलं, "तुम्हाला काय आजार आहे?"

वसंतानं काकासाहेबांकडं बघितलं. काकासाहेब आभाळाकडं बघत होते. "तुमी म्हनाल तो, साहेब," वसंता म्हणाला.

मग साहेबांनी मागं निंबाखाली बसलेल्यांनाही विचारलं. सत्यशीलाचा जीव ताटात गोळा झाला. आत्या उभी राहिली, तिनं पदर सारखा केला, 'सन्माननीय' म्हटलं, गावाचा परिचय करून दिला, कंपाउंडरसाहेब लई चांगले हायेत म्हणाली, शासनाचे आभार मानले आणि खाली बसली. सोनूबाईंनी आठवणीनं डोळ्याला पदर लावला, पण तोवर टाळ्या पडल्या होत्या. साहेबांनी सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला सांगितलं की तक्रार नाही, वेळ पूर्वीचीच, नऊ ते अकरा.

झालं. संपलं वाक्य. सत्यशीलाला असा राग आला की तो कुणावर काढावा हेच कळेना. ती निंबाखाली गेली. तिथं बायांना चहा वाटला जात होता आणि आत्यानं पहिला घोट घेऊन कप खाली ठेवला होता.

"ह्याला चहा म्हनायचा?" आत्या म्हणत होती. "साखर दुरून दाखवली वाटतं. अन् बसाया साधी सतरंजी न्हाई, पाण्याचं कुणी इचारलं न्हाई. असे मुलीकडचे असते तर मी वऱ्हाड इथून माघारी नेलं असतं."

इथं आत्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. वरपक्षाची बाई म्हणून कौसल्या आत्याचं पंचक्रोशीत नाव होतं. पाहुण्यांत कुणाही मुलाचं लग्न निघालं की वऱ्हाडात तिला आधी न्यायचे, कारण मुलीकडच्यांची उणीव काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईच्या एका लग्नात ती वरणाबद्दल एकच वाक्य बोलली होती, आणि आचारी चुलीपुढं बसून रडला होता. गुरुजी नेहमी म्हणत की आपल्या समाजानं दीक्षेनंतर पुष्कळ जुनं सोडलं, पण वरपक्षाचा रुसवा काही सुटला नाही. त्यावर सलमा सांगे की आमच्यात बी लडकेवाले असेच राहतात, गुरुजी, बिलकुल असेच.

सत्यशीला आत्याकडं बघत राहिली. इतक्या दिवसांची तालीम चुकली कुठं, हे तिला चहाच्या त्या कपात लख्ख दिसलं. साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या गळ्यात आपणच हार घातला होता. दारात आलेल्या पाहुण्याला कमी कोण सांगेल? मेलं तरी सांगणार नाही. बाभुळटाकळीतलं माणूस कमी सांगतं ते एकाच वेळी, जेव्हा ते स्वतः वऱ्हाडी असतं.

काकासाहेबांच्या घरी पानं वाढायला घेतली होती, आणि साहेब हात धुवायला दवाखान्यात पाणी शोधत होते. नव्हतं. सत्यशीलानं शाळेतून तांब्या भरून आणला आणि हातावर पाणी घालता घालता विचारलं, "साहेब, तुमाला मुली हायेत?"

"तीन," साहेब म्हणाले. "दोघींची लग्नं झाली. तिसरीचं माघात आहे." आणि त्यांचे खांदे आणखी थोडे पडले.

"मंग तुमाला जमंल," सत्यशीला म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. तालुक्यात दुसरी आली त्या दिवशीही ती इतकं चांगलं बोलली नव्हती, पण इथं बक्षीस द्यायला कुणी नव्हतं. तिनं सांगितलं की पहिल्या रांगेतले दोघे पैलवान आहेत, रुग्ण नव्हेत. आत्याचा आजार सांगितला, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग म्हणाली, "ह्ये लोक पाहुण्याला खरं न्हाई सांगणार. तुमी हार काढा. तुमी मुलीकडचे व्हा, अन् ह्यांना वऱ्हाडी करा."

साहेबांनी ओल्या हातानं कपाळ पुसलं. त्यांनी कित्येक गावांत ऐकून घेतलं होतं आणि कित्येक गावांत समदं बराबर होतं. मग त्यांनी हार काढला, तो तिच्याच हाती दिला, निंबाखाली गेले आणि चपला काढून मातीत बसले. नुसते बसले नाहीत. दोन लग्नं काढलेला बाप बसतो तसे, गुडघे जवळ घेऊन बसले. हात जोडले.

"पाहुणेमंडळी," ते म्हणाले, "आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. हे वाक्य ऐकून गप्प बसणं त्यांच्यातल्या कुणालाच शिकवलेलं नव्हतं. आत्यानं सावकाश पदर खोचला, मांडी बदलली, आणि हनुवटी अशी वर केली की सोनूबाई पटकन सरकून तिच्या मागं करवलीच्या जागी बसल्या.

"पोटात लई घातलं आमी," आत्या म्हणाली. "आता जागा न्हाई."

आणि मग सुटलं. वऱ्हाड दिवस उगवायला दारात येतं आन् तुमचं दार नवाला उघडतं, ही कोणती रीत? सोबतच्या माणसानं बसावं कुठं, ह्या निंबाच्या मुळ्यांवर? बाळंतीण आली तर तिला आडोसा न्हाई, सुई घ्यायची ती साऱ्या गावासमोर. लेकीबाळीची कदर हाय का न्हाई? पाण्याचा हंडा न्हाई, आजाऱ्यानं गोळी गिळायची ती थुंकीसंगं? एकेका बाईचं बोलणं दुसरी मधूनच उचलत होती. बैलगाडीत निजलेल्या म्हाताऱ्यानं पांघरुणातून हात बाहेर काढून सांगितलं की काय आजार हाय ते आमाला कुणी सांगत न्हाई, पोराला सांगतात, अन् पोरगं मला सांगत न्हाई. त्यावर सत्यशीला जमिनीकडं बघू लागली. साहेब प्रत्येक वाक्याला मान खाली घालत होते आणि म्हणत होते, चुकलंच आमचं.

काकासाहेब धावत आले, पानावर भात निवत होता. लोकांना गप्प करायला त्यांनी हात वर केला, तर आत्यानं विचारलं की सरपंच, तुमी समितीचे अध्यक्ष, म्हणजे तुमी मुलीकडचे न्हाई का? काकासाहेब घाबरले. आयुष्यात ते कधीही मुलीकडचे झाले नव्हते. त्यांना सगळे मुलगे होते. "मी काहून मुलीकडचा?" ते म्हणाले. "माझा गुडघा सालभर दुखून राह्यला. मला बी ह्या दवाखान्यात कुणी इचारलं न्हाई." आणि ते वऱ्हाडात जाऊन बसले.

मग अजमतनं खाली मान घालून सांगितलं की त्या कुस्तीत त्याचा खांदा निखळला होता, अजून हात वर जात नाही; पण पैलवानानं दवाखान्याच्या रांगेत उभं कसं राहावं, लोक काय म्हणतील, म्हणून आला नाही. आज रुग्ण म्हणून बसवलं तेव्हा त्याला मनातून बरंच वाटलं होतं. म्हणजे काकासाहेबांनी गावात शोधून आणलेला निरोगी रुग्ण खरोखरच रुग्ण निघाला. जीपचं अंग एकट्या वसंतानंच उचललं होतं, तेही तेव्हा उघडकीस आलं.

उरले सिराजोद्दीन कंपाउंडर. ते भिंतीला टेकून सगळं ऐकत होते आणि त्यांचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता. ते खेकसतात, असं दोन-तीन बाया बोलून गेल्या होत्या. सलमा सत्यशीलाचा हात घट्ट धरून उभी होती.

"बरं बाबा, मी खेकसतो," शेवटी ते म्हणाले. "बारा साल झाले, ह्या सुया मी उभ्यानं मारून राह्यलो. बसायला एक स्टूल न्हाई. मदतीला माणूस न्हाई. डॉक्टरसाहेब न्हाई त्या दिवशी लोक मला शिव्या देतात, अन् असले त्या दिवशी डॉक्टरसाहेब देतात. मला कुणी इचारलं?" आणि तेही येऊन वऱ्हाडात बसले. बायांनी सरकून त्यांना जागा करून दिली. आत्यानं आपल्या पुढ्यातला तो बिनसाखरेचा कप त्यांच्याकडं लोटला.

आता मुलीकडं एकटे साहेब उरले. त्यांचा माणूस काकासाहेबांकडं जेवायला बसला होता आणि त्याच्याऐवजी गुरुजी लिहून घेत होते, म्हणून गुरुजींना दोन्हीकडचे धरलं.

"मंग काय ठरवलं?" आत्यानं विचारलं. "आमची अट एक हाय. सुई सकाळी सातला. कामाला जाणाऱ्या माणसाला कामाच्या आधी. ही अट मान्य न्हाई तर वऱ्हाड उठलं."

ते वाक्य होतं. पाठ केलेलं नव्हतं, 'सन्माननीय'च्या खाली दबलेलं नव्हतं.

साहेब लगेच हो म्हणाले नाहीत, हे त्यांचं खरेपण. त्यांनी कंपाउंडरांना विचारलं की तुम्हाला सातला येणं जमेल का. सिराजोद्दीन म्हणाले, जमेल, पण मंग दुपारी मला घरी जाऊ द्या, अन् स्टूल द्या. साहेब म्हणाले, आडोसा, हंडा, बाक आणि स्टूल यासाठी मी वर लिहीन, ते कधी येईल याचा शब्द देत नाही. पण वेळ माझ्या हातात आहे, ती सोमवारपासून सात. आणि यापुढं समितीवर एक रुग्ण आणि एक रुग्णासोबतचं माणूस असेल, त्यांना विचारल्याशिवाय वेळ बदलायची नाही. आजाऱ्याला त्याचा आजार तोंडानं सांगायचा, हेही डॉक्टरांना कळवतो.

रुग्ण म्हणून आत्याचं नाव तिथंच ठरलं. सोबतचं माणूस म्हणून सत्यशीला पुढं झाली, तर काकासाहेबांनी काढलं की ती वयात बसत नाही. आधी ताट, आता वय. तिचा चेहरा इतका पडला की साहेबांनाच हसू आलं. ते म्हणाले, "सहीला वय लागतं, बोलायला लागत नाही. सही गुरुजींची घ्या, बोलणं हिचं." गुरुजींनी लिहिता लिहिता मान खाली घातली, पण त्यांच्या कानापर्यंत आलेलं हसू सत्यशीलाला मागूनही दिसलं.

साहेबांनी काकासाहेबांच्या घरून गूळ मागवला आणि ताटातून आत्यापुढं धरला. आत्यानं तो आधी बोटानं चाचपून बघितला, गूळ जुना हाय म्हणाली, आणि मग तोंडात टाकला. रुसवा निघाला. मांडवातली पेटी कुणीतरी आपटली आणि तिची पट्टी वर आली.

घरी जाताना सत्यशीलानं आत्याला डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगून टाकलं, औषध थांबण्यासकट. बैलगाडीतल्या म्हाताऱ्याचं वाक्य तिला टोचत होतं. आत्यानं वाटेतला एक दगड वहाणेनं बाजूला सारला. मग म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी भांडाया आधीच गेले असते की गं." एवढंच. पण त्या सोमवारपासून महिनाभर तिनं एकही सुई चुकवली नाही, आणि एकही रोज.

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण महिन्याभरानं एका सकाळी साहेबांची जीप पुन्हा गावात आली, हार-तुरे नसताना, काकासाहेब अंघोळीला बसले असताना. साहेब थेट गुरुजींच्या ओट्यावर आले. म्हणाले की दुसऱ्या एका गावात आज लोकांचं ऐकायचं आहे, मी आपला मातीत बसतो, हात जोडतो, पण तिथं सुरुवात करायला कुणी नाही, सगळे म्हणतात समदं बराबर हाय. कौसल्याबाई येतील का? सोबत हीही.

सत्यशीलानं उत्तर यायच्या आत वेणी घालायला घेतली. आत्या मात्र उठली नाही. तिनं विचारलं की मूळ धाडल्याबिगर वऱ्हाड निघतं का कुठं? साहेबांनी हात जोडून सांगितलं की तुम्हाला न्यायला मूळ म्हणून मी स्वतःच आलो आहे. तेव्हा आत्यानं वहाणा घातल्या. आजचा रोज जीपमधी जाईल तो जाऊ दे, ती म्हणाली, पण आधी दवाखान्यात. सुई झाल्याबिगर वरात हलत न्हाई.

मग काय, जिल्ह्याचे आरोग्यसाहेब दवाखान्याच्या रांगेशी उभे राहिले. नवा बाक आला होता, पण त्यावर रुग्णांसोबतची माणसं बसली होती आणि त्यातलं कुणी उठलं नाही. उठायचं काही कारणही नव्हतं. आत सिराजोद्दीन स्टुलावर बसून, शांतपणे, एकेकाला बोलावत होते. अजमत खांद्याला पट्टी बांधून रांगेत सगळ्यांच्या पुढं, छाती काढून उभा होता.

आत्या दंड चोळत बाहेर आली. तिनं हंड्याकडं बघितलं, साहेबांच्या घामेजलेल्या कपाळाकडं बघितलं आणि सत्यशीलाला म्हणाली, "अगं, मुलीकडचे असले म्हणून काय झालं? पाणी तरी इचार त्यांना."